कलता ट्रे आणि खरा डोंगर

डोंगर-उतारावर पडलेले पाणी गुरुत्वाकर्षणामुळे वेगाने खाली धावते, त्याला मुरायला वेळ मिळत नाही आणि म्हणून ते वाहून जाते. सपाट जमिनीवर मात्र ते मुरते. या आशयाची दोन-तीन वाक्ये आपल्यापैकी बहुतेकांच्या शिकण्यात आणि पुढे शिकवण्यात येऊन गेली आहेत. ती सोपी आहेत, पाठ होतात आणि परीक्षेत त्यांवर हमखास प्रश्न येतो. त्यांच्या जोडीला एक प्रयोगही बहुधा असतो. या प्रयोगाची आणि त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाची चिकित्सा करावी, असे आम्हांला बऱ्याच दिवसांपासून वाटत होते. विषय वरवर किरकोळ दिसतो, पण सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो किरकोळ नाही. असे का, हे पुढे येईलच.

प्रयोग सर्वांच्या ओळखीचा आहे. दोन सारखे ट्रे घ्यायचे, दोन्हींत सारखीच माती भरायची. एक ट्रे टेबलावर सपाट ठेवायचा, दुसऱ्याच्या एका टोकाखाली विटा लावून तो कलता करायचा. मग झारीने दोन्हींवर सारखे पाणी घालायचे. कलत्या ट्रेच्या खालच्या काठावरून गढूळ पाणी बाहेर येते, सपाट ट्रेमधून काहीच येत नाही. निष्कर्ष फळ्यावर लिहिला जातो आणि तास संपतो.

या प्रयोगात चांगले बरेच आहे. साहित्य गावात कुठेही मिळते, मुलांचे हात मातीत जातात आणि बाहेर आलेल्या पाण्याचा गढूळपणा पाहून जमिनीची धूप म्हणजे काय, ते शब्दांवाचून कळते. धुपेसाठी हा प्रयोग आम्ही जरूर करू. आमचा आक्षेप आहे तो ‘पाणी किती मुरते’ याचे उत्तर त्यातून काढण्याला.

पहिली गोष्ट ट्रेच्या काठाची. समजा ट्रे ४५ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि माती काठाच्या दोन सेंटिमीटर खालपर्यंत भरली आहे. एवढ्या जागेत मातीच्या वर नुसतेच २.७ लिटर पाणी उभे राहू शकते. आपण घालतो फार तर एक लिटर. म्हणजे सपाट ट्रेमध्ये मातीऐवजी काच पसरली असती, तरी एक थेंब बाहेर आला नसता! पाणी मुरले म्हणून बाहेर आले नाही असे मुलांना सांगितले जाते, पण खरे कारण आहे ते काठ. जरा निरखून पाहणारा एखादा विद्यार्थी म्हणतोच, ‘‘सर, पाणी वर साचलंय.’’ त्याला बहुधा गप्प केले जाते. वास्तविक त्या तासातले ते सर्वांत चांगले निरीक्षण असते. सपाट ट्रेच्या काठाला मातीच्या पृष्ठभागापर्यंत एक खाच पाडली, तर साचलेले पाणी त्या खाचेतून बाहेर पडू लागेल आणि दोन ट्रेंतला फरक बराचसा नाहीसा होईल.

दुसरी गोष्ट झारीची. याच ट्रेवर एक लिटर पाणी पसरले, तर त्याची उंची होते ७.४ मिलिमीटर. झारी रिकामी व्हायला अर्धा मिनिट लागला असे धरले, तर हा पाऊस तासाला जवळजवळ ८९० मिलिमीटर या वेगाने पडला! २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि शहर बुडाले. आपली झारी जवळपास तेवढा पाऊस एका तासात पाडण्याच्या वेगाने चालली आहे. अशा धारेपुढे कोणतीही माती, कोणत्याही उतारावर, हात टेकणारच. तेच एक लिटर पाणी वीस मिनिटांत, बारीक छिद्रांच्या झाकणातून, थेंबाथेंबाने दिले, तर पावसाचा वेग येतो तासाला सुमारे २२ मिलिमीटर. हाही चांगला सणसणीत पाऊस आहे. पण कोरडी, भुसभुशीत माती कलत्या ट्रेमध्येही त्यातले बहुतेक पाणी पिऊन टाकील.

तिसरी गोष्ट तळाची. ट्रेमध्ये माती पाच सेंटिमीटर आणि तिच्याखाली पत्रा. डोंगरात मातीखाली मुरूम असतो, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण असतो आणि पाण्याला खाली तसेच तिरके जायला वाटा असतात. पत्र्याच्या तळाचा ट्रे हे फार तर उघड्या कातळावर पसरलेल्या वीतभर मातीचे प्रतिरूप झाले. एकदा ती माती भरली, की आत येणारे सगळे पाणी बाहेर जाणार. मग ट्रे सपाट असो वा कलता.

थोडक्यात, या प्रयोगात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पडलेल्या पाण्यापैकी किती पाणी पृष्ठभागावरून वाहून जाईल हा एक, आणि वाहून जाणारे पाणी किती लवकर खाली पोचेल हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात उताराचा वाटा मोठा आहे. पहिल्याच्या उत्तरात मुख्य वाटा मातीचा, तिच्या जाडीचा, तिच्यावरच्या झाडोऱ्याचा आणि पावसाच्या वेगाचा आहे.

गुरुत्वाकर्षण नेमके काय करते?

‘उतारावर गुरुत्वाकर्षण जास्त असते’ असे उत्तर आम्ही दहावीच्याच काय, त्यापुढच्या विद्यार्थ्यांकडूनही ऐकले आहे. गुरुत्वबल उतारावर वाढत नाही. त्याचा उताराच्या दिशेचा घटक वाढतो. हा घटक उताराच्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतो. ५ अंशांच्या उतारावर तो पूर्ण बलाच्या सुमारे ०.०८७ पट असतो, ३० अंशांच्या उतारावर निम्मा. म्हणजे ओढ जवळजवळ पावणेसहा पट झाली.

मग पाणीही पावणेसहा पट वेगाने धावते का? नाही. घर्षण नसते, तर ३०० मीटर उंचीवरून घसरत आलेले पाणी पायथ्याशी सेकंदाला ७७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २७५ किलोमीटर वेगाने पोचले असते. आपले ओढे पावसाळ्यातही सेकंदाला एक ते तीन मीटरच्या आसपास वाहतात. बाकीची ऊर्जा दगड, गवत आणि पाण्याच्याच अंतर्गत खळबळीत खर्ची पडून उष्णतेत बदलते. (३०० मीटरची सगळी स्थितिज ऊर्जा पाण्याच्याच वाट्याला उष्णता म्हणून आली, तर तापमान वाढेल अवघे ०.७ अंश सेल्सिअस. अकरावीच्या मुलांना हे गणित अवश्य घालावे.) वेग वाढला की घर्षणही वाढते आणि लवकरच ओढ व घर्षण तुल्यबळ होऊन वेग स्थिरावतो. अठराव्या शतकात आंत्वान शेझी या फ्रेंच अभियंत्याने दाखवले, की प्रवाहाची खोली तीच असेल, तर वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. डोंगरावर तर खोलीही तीच राहत नाही. पाऊस तेवढाच असल्यामुळे वेग वाढला की पाण्याचा थर पातळ होतो, आणि पातळ थराला जमिनीचे घर्षण अधिक जाणवते. हा हिशेब धरला, तर ५ अंशांवरून ३० अंशांवर गेल्यावर वेग वाढतो तो पावणेदोन पटींच्या आसपास. ओढ पावणेसहा पट आणि वेग पावणेदोन पट, ही तफावत मुलांना स्वतः काढू द्यावी. नुसत्या ‘वेगाने धावते’ या शब्दांत ती कधीच दिसत नाही.

आता मुरण्याचे पाहू. कोरड्या मातीत पाणी प्रथम केशाकर्षणाने शिरते. ही ओढ सर्व दिशांना सारखी असते, तिला उताराशी देणेघेणे नाही. माती ओली झाल्यावर गुरुत्वबल मुख्य होते. ३० अंशांच्या उतारावर पृष्ठभागाला लंब दिशेने गुरुत्वबलाचा घटक ०.८७ पट होतो, म्हणजे आत शिरण्याची ओढ १३ टक्क्यांनी घटते. पण त्याच वेळी, उतारावरच्या एक चौरस मीटर जमिनीवर पाऊसही ०.८७ पटच पडतो, कारण वरून सरळ पाहिल्यास तिचे क्षेत्र तेवढेच भरते. मागणी आणि पुरवठा सारखेच घटले! नितळ, एकसारख्या उतारावर मुरण्यात उतारामुळे पडणारा फरक फार थोडा असतो, हे ऑस्ट्रेलियाचे मृदाभौतिकीतज्ज्ञ जॉन फिलिप यांनी १९९१ मध्ये गणिताने मांडले.

म्हणजे उताराचा मुरण्याशी काहीच संबंध नाही असे मात्र कोणी समजू नये. सपाट जमिनीवर लहान-मोठे खळगे पाणी धरून ठेवतात आणि पाऊस थांबल्यावरही ते मुरत राहते. तीव्र उतारावर असे खळगे कमी असतात. सर छोटी असेल, तर हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय उतार हजारो वर्षे माती खाली नेत असतो. त्यामुळे तीव्र उतारावर माती पातळ आणि पायथ्याला जाड, असे चित्र सर्वसाधारणपणे दिसते. उघड्याबोडक्या डोंगरावरून पाणी भराभर वाहून जाते, हे आपले निरीक्षण खरेच आहे. पण तिथे पाणी न मुरण्याचे जवळचे कारण माती नसणे हे आहे. कारणांच्या साखळीतली ही मधली कडी गाळली, की ‘उतार आहे, म्हणून मुरणार नाही’ एवढेच हाती उरते. मग त्याच उतारावर झाडे आणि माती टिकली तर काय होते, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

हाच ट्रे, पण मोठा

शास्त्रज्ञांचीही समजूत दीर्घकाळ शाळेतल्या समजुतीच्या जवळची होती. अमेरिकेतील रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३३ साली मांडले, की पावसाचा वेग जमिनीच्या मुरवण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त झाला, की उरलेले पाणी पृष्ठभागावरून वाहते आणि त्यातून पूर येतो. हॉर्टन यांच्या मांडणीत भर मुरवण्याच्या क्षमतेवर होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शालेय आवृत्तीत ती क्षमता मागे पडली आणि उतार पुढे आला. नांगरलेल्या, उघड्या किंवा तुडवलेल्या जमिनीवर हॉर्टन यांचे म्हणणे आजही चपखल लागू पडते.

अडचण आली ती जंगलात. नॉर्थ कॅरोलायनामधील कोवीटा येथील संशोधन केंद्राच्या परिसरात डोंगर तीव्र उताराचे आहेत, पाऊस भरपूर आहे आणि दाट जंगल आहे. तिथे पावसात उतारावर उभे राहिले, तर जमिनीवरून वाहणारे पाणी जवळपास दिसतच नसे, तरी खालचा ओढा मात्र चढे. हे पाणी येते कुठून? जॉन ह्यूलेट आणि त्यांचे सहकारी हिबर्ट यांनी यासाठी जे उपकरण केले, ते म्हणजे आपला कलता ट्रेच. फक्त तो काँक्रीटचा होता, सुमारे १४ मीटर लांब होता, त्यात जवळजवळ मीटरभर खोल माती होती आणि पाणी बाहेर पडायला वाट ठेवली होती ती खालच्या टोकाला, तळाशी. माती भिजवून तिच्यावर प्लॅस्टिक झाकले, म्हणजे बाष्पीभवन नको, आणि खाली येणारे पाणी मोजत बसले. ते शंभराहून अधिक दिवस येत राहिले! १९६३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पावसाचा टिपूस नसताना डोंगरातले ओढे महिनोन्‌महिने कसे वाहतात, याचे मोठे उत्तर त्यात होते. तीव्र उतारावरच्या मातीत पाणी मुरते, आणि मुरल्यावरही गुरुत्वाकर्षण त्याला सोडत नाही. ते मातीच्या आतून, अत्यंत संथपणे, उताराच्या दिशेने त्याला खेचत राहते.

आम्हांला या गोष्टीचे अप्रूप वाटते ते अशासाठी, की उपकरण तेच, तत्त्व तेच, आणि मातीची खोली व बाहेर पडण्याची वाट एवढे बदलल्यावर निष्कर्ष पार उलटा झाला.

पुढे १९७० मध्ये थॉमस डन आणि रिचर्ड ब्लॅक यांनी व्हरमाँट राज्यात मोजमापे करून दाखवले, की तेथे पृष्ठभागावरचा प्रवाह प्रामुख्याने उताराच्या पायथ्याशी, ओढ्यालगतच्या जमिनीवर निर्माण होतो. वरून आतल्या आत येणाऱ्या पाण्याने ही जमीन आधीच भरलेली असते, मग तिच्यावर पडलेल्या पावसाला आत जागाच मिळत नाही. म्हणजे पाणी वाहू लागते ते सर्वांत तीव्र उतारावर नव्हे, तर जिथे उतार संपत आलेला असतो तिथे. आपल्याकडे भाताच्या खाचरांजवळची पाणथळ, ‘उपळ’ फुटणारी जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजायला फारसे जड जाऊ नये. १९७९ मध्ये स्क्लाश आणि फार्व्होल्डन या कॅनडातील संशोधकांनी पाण्यातील समस्थानिकांच्या आधारे आणखी एक धक्का दिला. त्यांनी अभ्यासलेल्या ओढ्यांच्या पुरात नव्या पावसापेक्षा जमिनीत आधीपासून असलेले जुने पाणीच जास्त होते. नवे पाणी वरून शिरते आणि जुन्याला पुढे ढकलते. पाण्याने भरलेल्या रबरी नळीचा नळ सोडला, की दुसऱ्या टोकातून लगेच पाणी येते, पण ते नळातून नुकतेच आलेले नसते, तसाच काहीसा हा प्रकार.

आपल्या पायाखालची उदाहरणे

उलट बाजूची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. सोलापूरकडच्या काळ्या जमिनी पाहा. उतार जेमतेम अंशभर. उन्हाळ्यात त्यांना भेगा पडलेल्या असतात आणि पहिला पाऊस त्या भेगांत गडप होतो. पण एकदा चिकणमाती फुगून भेगा मिटल्या, की मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो आणि जवळजवळ सपाट शेतातून गढूळ पाण्याचे लोट निघतात. कास पठार घ्या, किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे घ्या. ताटासारखी सपाट जागा, पण माती नाममात्र, त्यामुळे पावसाळ्यात त्यांवर पाण्याची तळी आणि पाण्याचे पापुद्रे वाहताना दिसतात. याच्या शेजारी एखाद्या देवराईत जा. उतार उभा, पण पालापाचोळा, मुळांची आणि गांडुळांची बिळे यांमुळे पाऊस जागच्या जागी आत जातो, आणि देवराईच्या खालच्या अंगाला बहुधा झरा असतो.

आणि सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे शाळेचे मैदान. गावातली बहुधा सर्वांत सपाट जागा, आणि पाऊस सुरू झाल्यावर पाणी वाहू लागते तेही तिथूनच आधी! शेकडो पायांनी रोज दाबून बसवलेल्या त्या जमिनीत पाण्याला शिरायला छिद्रेच उरलेली नसतात.

उताराचा खरा प्रभाव पाहायचा असेल, तर महाबळेश्वरला जावे. परंपरेने पाच नद्यांचा उगम तिथे मानला जातो. त्यांपैकी कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कड्यावरून उतरते आणि पोलादपूर, महाड करत शंभर-एक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. पाऊस एकाच डोंगरमाथ्यावरचा, पण सावित्रीच्या खोऱ्यात तो काही तासांत महाडच्या वेशीवर येतो. वेळेचे महत्त्व एका साध्या आकडेमोडीने कळते. एक चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर पाणी झाले २५ हजार घनमीटर. ते तासाभरात आले, तर नाल्यातून सेकंदाला सुमारे ७ घनमीटर वाहील. अर्ध्या तासात आले, तर १४. पाणी तेवढेच, पण पहिल्या वेळी ते मोरीच्या खालून जाते, दुसऱ्या वेळी रस्त्यावरून. उतार करतो ते हे.

मुरलेल्या पाण्याचे ओझे

आता सुरुवातीला सोडलेल्या मुद्द्याकडे येतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडी. तिन्ही ठिकाणी मुसळधार पाऊस चालू होता. प्रत्येक डोंगराची घडण, तिथला जमिनीचा वापर आणि माणसाचा हस्तक्षेप वेगळा, त्यामुळे सगळ्यांची एकच कारणमीमांसा करणे बरोबर होणार नाही. पण अशा दरडींच्या मुळाशी असणारी प्रक्रिया सामान्यतः एकच असते: उतारावरच्या मातीत आणि कुजलेल्या खडकात पाणी मोठ्या प्रमाणावर मुरणे.

‘उतारावर पाणी मुरत नाही’ हे वाक्य शिकलेल्या मुलाला ही प्रक्रिया समजण्याची वाटच बंद होते. त्याच्या लेखी पाणी केव्हाच खाली निघून गेलेले असते. डोंगराच्या पोटात ते साचू शकते, ही कल्पनाच त्याला शिवत नाही.

वर्तमानपत्रांत पुष्कळदा येते, की पाणी मातीत वंगणासारखे काम करते. हेही पटण्यासारखे नाही. किंचित ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा जास्त उभी राहते, हे समुद्रकाठी किल्ला करणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. खरे कारण दाबाचे आहे. गरम पाण्याने धुतलेला काचेचा पेला ओल्या, किंचित कलत्या ओट्यावर उपडा ठेवला, तर तो आपोआप सरकताना पुष्कळांनी पाहिला असेल. आतली हवा तापून प्रसरण पावते आणि पेल्याचे थोडे वजन उचलून धरते, त्यामुळे काठ आणि ओटा यांतले घर्षण कमी होते. ओटा पूर्वीइतकाच कलता असतो. डोंगरात हवेच्या जागी पाणी असते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरून पाण्याचा दाब वाढला, की कण एकमेकांवर दाबले जाण्याचे बल घटते आणि घर्षण सुटते. कार्ल तेरझाघी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे तत्त्व मांडले आणि मृदायांत्रिकी हे शास्त्र त्यावर उभे राहिले. पाण्याने मातीचे वजन वाढते, गुरुत्वबलाचा उताराच्या दिशेचा घटक त्याबरोबर वाढतो, आणि त्याच वेळी धरून ठेवणारे बल कमी होते. फार उभ्या कड्यावर माती टिकतच नाही आणि मंद उतारावर ओढ पुरत नाही. म्हणून उथळ दरडींचा धोका मधल्या, साधारण २५ ते ४० अंशांच्या, माती धरून असलेल्या उतारांवर विशेष असतो. असे उतार हिरवे आणि सुरक्षित दिसतात.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेचे आम्हांला एका कारणासाठी कौतुक आहे. अडवणे आणि जिरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे तिच्यात स्पष्ट आहे. पाठ्यपुस्तकी वाक्यात ते नाही. सलग समतल चर उताराची लांबी तोडतात आणि पाण्याला वेळ देतात. माळरानावर आणि पातळ मातीच्या टेकड्यांवर हे उत्तमच. पण जाड, कुजलेल्या मुरमाच्या तीव्र उतारावर, खाली वस्ती असताना, पाणी जिरवायचे की काळजीपूर्वक बाहेर काढायचे, हे भूवैज्ञानिकाला विचारून ठरवायला हवे. मुरणे नेहमीच भले, ही शाळेतल्या वाक्याचीच दुसरी बाजू आहे.

प्रयोग असा केला तर

नुसती टीका करून थांबणे बरे नाही. लाकडाचे दोन लांबट खोके करून घ्यावेत, प्रत्येकी एक मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटरहून थोडे अधिक खोल, आतून प्लॅस्टिकचा कागद लावलेले. एका टोकाच्या फळीला दोन तोंडे ठेवावीत: एक मातीच्या पृष्ठभागाच्या पातळीला आणि एक अगदी तळाशी, त्यामागे खडी व जाळी. दोन्ही तोंडांखाली बाटल्या. माती प्रत्येक खोक्यात २० सेंटिमीटर भरावी. तिचे वजन पन्नासेक किलो होईल, म्हणून खोका आधी जागेवर ठेवून मग भरावा. कडेने माती नीट दाबून घ्यावी, नाहीतर पाणी प्लॅस्टिकच्या कडेने पळते आणि सगळा हिशेब फसतो. इथे एक लिटर पाणी म्हणजे ५ मिलिमीटर पाऊस. दर दहा मिनिटांना एक लिटर दिले, की तासाला ३० मिलिमीटरचा पाऊस झाला. एक खोका सपाट ठेवावा, एक कलता, आणि चारही बाटल्यांतले पाणी दर पाच मिनिटांनी मोजून आलेख काढावा. मग कलत्या खोक्यातली माती तुडवून पाहावी, तिच्यावर गवताची ढेकळे बसवून पाहावीत, पावसाचा वेग दुप्पट करून पाहावा. कोणत्या बदलाने वरच्या बाटलीतले पाणी सर्वांत जास्त बदलले, ते मुलांनी सांगावे.

हा प्रयोग एका तासिकेत होत नाही, हा त्याचा दोष आम्हांला मान्य आहे. पण तो दोन दिवसांत विभागला, तर एक फायदाही होतो. पहिल्या दिवशी साध्या पाण्याने माती पूर्ण भिजवावी. दुसऱ्या दिवशी पावसाच्या पाण्यात थोडे मीठ विरघळवावे आणि तळाच्या तोंडातून येणाऱ्या पहिल्या पाण्यात प्रयोगशाळेतले सिल्व्हर नायट्रेट दोन थेंब टाकावे. पहिल्या दिवशीच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असतेच, म्हणून तुलनेला तेही शेजारी ठेवावे. माती नीट दाबलेली असेल, तर सुरुवातीला दोन्ही परीक्षानळ्या सारख्याच दिसतील, कारण बाहेर येत असलेले पाणी कालचे असेल. दाट पांढरा साका येईल तो बराच उशिरा. किती उशिरा, ते मातीवर अवलंबून राहील, आणि निरनिराळ्या गावांतल्या शाळांची उत्तरे निरनिराळी येतील.

खोके नाहीतच जमले, तर दोन्ही बाजू कापलेला एक पत्र्याचा डबा पुरेल. तो दोन बोटे जमिनीत ठोकायचा, आत एक लिटर पाणी ओतायचे आणि ते दिसेनासे व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचे. मैदानात एकदा, शेताच्या बांधावर एकदा, आणि शाळेमागच्या टेकडीवर, झाडाखाली एकदा.